मेलेल्या भुकेचा आलेख

मनालीला माइक सापडला तो चौदा एप्रिलला, आणि तेव्हापासून त्या कॉलनीला शांतता म्हणून लाभली नाही.

त्याआधी ही पोरगी वर्गात ‘हजर’ म्हणायची तेसुद्धा शेजारच्या बाकापुरतं. जयंतीच्या मांडवात भाषण खरं तर सनीचं होतं. सनीचा घसा आदल्या रात्रीच्या घोषणांमध्ये बसला, कुणीतरी मनालीला पाठीला हात लावून पुढे ढकललं, आणि हिने शिक्षणाच्या विषयावर अशी काही तोफ डागली की देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानांनी येऊन शिकावं! मागे भोजनदानाची तयारी करणाऱ्या बायका हातात डाव धरून तशाच उभ्या राहिल्या. तिचे बाबा, जयराम, सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर असतात आणि मशीनपेक्षा कमी बोलतात. ते तर पुढचे कितीतरी दिवस कारण नसताना हसत होते.

मग काय, गाडी सुटली ती सुटलीच. नववीच्या वर्गात कुठलाही प्रश्न आला की मनालीचा हात वर. उत्तर येत असो वा नसो, हात आधी वर, उत्तर मागाहून बघू.

डिसेंबरात सायली मॅडम वर्गात आल्या. त्या विज्ञान शिकवायच्या. त्यांनी सांगितलं की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रकल्प जाणार. सगळ्यांनी आपोआप रुद्रकडे बघितलं. रुद्रने कांद्याची चाळ केली होती, खऱ्यासारखी, बांबूच्या काड्यांची. आत ओल वाढली की पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि एक लाल दिवा पीं पीं करायचा. गेल्या वर्षीही त्याचाच प्रकल्प गेला होता.

“आणखी कुणाचा आहे का?” मॅडमनी विचारलं.

मनालीचा हात वर.

“कशावर?”

आता आली का पंचाईत! मधली सुट्टी व्हायला आली होती, पोटात कावळे कोकलत होते, आणि तोंडातून निघालं, “भुकेवर!”

वर्ग असा हसला की बाहेरून जाणारे पीटीचे सर डोकावून गेले.

“भुकेवर म्हणजे नक्की काय?” मॅडम हसल्या नाहीत.

“भुकेच्या हार्मोनवर, मॅडम. घ्रेलिन.” हा शब्द मनालीने दिवाळीत रोशनीताईकडून ऐकला होता. रोशनीताई तिची आत्येबहीण, पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. मनालीच्या डोक्यात तो शब्द फराळाच्या ताटासोबत राहून गेला होता.

मॅडमनी भुवया उंचावल्या. “बरं. दोघांचेही बघते आणि मग ठरवते.”

एवढ्यावर थांबेल ती मनाली कसली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळलं की मनाली तालुक्याला जाणार. किराणावाल्याला कळलं, विहारातल्या आजीमंडळींना कळलं, बाबांच्या पाळीतल्या लोकांनाही कळलं. “जाणार म्हणजे निवड व्हायचीय ना अजून?” तिची मैत्रीण तेजल म्हणाली. तेजल खालच्या मजल्यावर राहते आणि नको तेव्हा नको ते बरोबर बोलते.

रात्री अंथरुणावर मनालीला तेजलचं वाक्य आठवलं. प्रकल्प गेला नाही तर? तर परत ती ‘हजर’ पुटपुटणारी मनाली. लोक म्हणणार, एकदा जमलं बिचारीला, चुकून. आणि ते तिला नको होतं. जीव गेला तरी नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिने रोशनीताईला फोन लावला.

“घ्रेलिन?” ताई खूश झाली. “अगं, माझं तेच तर काम आहे. इवल्याशा बाटलीत चिमूटभर पांढरी पूड असते, फ्रीझरमध्ये ठेवतो आम्ही. दिसायला पिठीसाखर. पण अमिनो आम्लांची माळ आहे ती, छोटीशी. आपल्या जठरात तयार होते, रक्तातून मेंदूकडे जाते आणि सांगते, चला, जेवायची वेळ झाली. शरीर स्वतःचा कारभार कसं चालवतं ते शोधायला आम्ही ती वापरतो.”

“म्हणजे पोट रिकामं झालं की ते वाढतं.”

“तिथेच तर गंमत आहे. नुसतं रिकामं झालं म्हणून नाही. वेळ झाली म्हणूनही वाढतं. आमच्या उंदरांना रोज ठरलेल्या वेळी खायला दिलं ना, की त्या वेळेच्या आधीच घ्रेलिन चढायला लागतं. पोटाला घड्याळ कळतं, मने!”

मनाली उड्या मारायचीच बाकी होती. कॉलनीत तर सगळीच माणसं घड्याळाची! पहिली पाळी, दुसरी पाळी, कारखान्याचा भोंगा, शाळेची घंटा. “मी मोजते! कसं मोजायचं?”

“रक्त घेऊन.”

“कुणाचं घेऊ?”

“घेऊ नकोस हं कुणाचं! तुझा काही भरवसा नाही. तू नुसतं विचार. दिवसातून चार-पाच वेळा विचारायचं, भूक किती आहे, शून्य ते दहा. घ्रेलिन नाही कळणार, पण भूक कळेल. आणि तसं स्पष्ट लिहायचं, कबूल?”

“कबूल!”

रविवारी सकाळीच मनाली आणि तेजल निघाल्या. हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेले कागद, कानामागे पेन, एकदम जनगणनेवाल्या. मोजपट्टी मनालीने स्वतः बनवली होती. शून्य म्हणजे पोट टम्म. दहा म्हणजे समोरचा माणूस भाकरीसारखा दिसायला लागणं.

पहिलं घर भागुमावशीचं. भागुमावशी निफाडकडची, गडगडाटी, उंबऱ्यातच लसूण सोलत बसलेली.

“मावशी, जयभीम! भूक लागलीय का?”

मावशीच्या हातातला लसूण थांबला. “नाय गं बाई, आत्ताच झालं माझं. का गं? तुम्हाला लागलीय व्हय? आत या, आत या!”

“नाही मावशी, आम्ही फक्त विचारतोय. शून्य ते...”

“पोरी उन्हातान्हात फिरत्यात आणि म्हणे फक्त विचारतोय! बसा खाली.” आणि समोर आल्या बाजरीच्या भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा, शेजारी मेथी.

दुसऱ्या घरी चहा-खारी. तिसऱ्या घरी शेंगदाण्याचे लाडू. चौथ्या घरच्या काकूंनी तर प्रश्न पुरता ऐकलाच नाही. “भूक ल...” एवढंच कानावर पडलं आणि त्यांनी आत हाक मारली, “अहो, पोह्यांना फोडणी टाकते हो, मनाली उपाशी आलीय!”

सगळीकडे उत्तर एकच: नाही गं. छे छे. आत्ताच झालं. राहू दे, कशाला. आम्ही काय उपाशी मरतोय? दुपारी तेच, संध्याकाळी तेच. एका आजोबांनी तर दुखावल्यासारखं म्हटलं, “आमच्या घरी देवदयेनं... म्हणजे बुद्धाच्या कृपेनं... म्हणजे आहे बरं का सगळं खायला!”

अंधार पडायच्या सुमाराला दोघी जिन्यात बसल्या. तेजलने ओढणी सैल केली. “मने, मला श्वास घेता येत नाहीये. लाडू घशापर्यंत आहे.”

मनाली कागद चाळत होती. शून्य. शून्य. शून्य. एका ठिकाणी एक, पण बायकोने डोळे वटारल्यावर तिथल्या काकांनी ते खोडायला लावलं होतं. अख्ख्या कॉलनीत दिवसभरात कुणालाही भूक लागली नव्हती.

तिने ताईला फोन केला. ताई इतकी हसली की तिच्या मागे कुणीतरी “काय झालं?” विचारलेलं ऐकू आलं.

“अगं येडपट! ‘भूक लागलीय का’ हा आपल्याकडे प्रश्न असतो का? ते आमंत्रण असतं! हो म्हटलं की तू वाढायला हवं. कोण हो म्हणेल? आमचे उंदीर बरे. ‘राहू दे, आत्ताच झालं’ म्हणत नाहीत.”

“मग आता काय करू?”

“ते तू बघ. शास्त्रज्ञ तू आहेस.” आणि ताईने फोन ठेवला. दुष्ट.

तेजलकडे उपाय तयार होता. “सोपं आहे. आपणच भरू. सकाळी तीन, दुपारी आठ, जेवल्यावर एक. कुणाला कळणारे?”

मनालीला मोह झाला, खोटं कशाला बोला. पेनाचं टोपणसुद्धा निघालं. आठ लिहायला किती वेळ लागतो? मग तिने टोपण लावलं. “नाही. ती आपली भूक होईल. आणि मी तालुक्याला माइकवर उभी राहून आपलीच भूक त्यांच्या नावावर वाचू?”

“माइक नसतो प्रदर्शनात.”

“तेजे, गप.”

मनालीला नवी युक्ती सुचली ती दात घासताना. स्वतःची भूक माणूस सांगत नाही, पण दुसऱ्याची? सोमवारी शाळेतून येताच त्या परत निघाल्या. आता प्रश्न बदलला: तुमच्या घरात कुणाला कधी भूक लागते?

आणि धरणाचे दरवाजेच उघडले!

“यांना? दुपारची पाळी असली ना, की जेवणाच्या सुट्टीचा भोंगा आधी यांच्या पोटात वाजतो. रविवारी घरी असले तरी त्याच वेळी स्वयंपाकघरात डोकावणार.” “आमचा आयुष? शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी डबा उघडतो फराळाचा.” “सासऱ्यांना दिवेलागण झाली की मिनिटभर दम निघत नाही.” बायका सांगत होत्या, नकला करत होत्या, तेजलला लिहायला हात पुरेना. पुरुषांची आणि पोरांची भूक अशी सुरेख चढत-उतरत होती की मनालीने कागदाचा मुका घ्यायचा बाकी ठेवला. पोटाला घड्याळ कळतं! सुट्टीच्या दिवशीही कळतं!

फक्त एक गोष्ट अडली. बायकांचा रकाना.

“काका, काकूंना कधी भूक लागते?”

काका टीव्हीकडे बघत म्हणाले, “तिला? ती... जेवते की.”

“कधी?”

“आमचं झाल्यावर.”

“जेवते कधी नाही, भूक कधी लागते?”

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि खरंच विचार केला. मग म्हणाले, “विचारून सांगतो.”

दारोदार हेच. घरी येऊन मनालीने बाबांना धरलं. बाबा नुकतेच पाळीवरून आले होते, हात धुवत होते. “बाबा, आईला भूक कधी लागते?”

बाबांच्या हातावर पाणी तसंच पडत राहिलं. “तुझ्या आईला...” ते म्हणाले. मशीनसुद्धा याहून जास्त बोललं असतं.

त्या रात्री मनाली ओट्याशेजारी ठाण मांडून बसली. तिची आई दिवसभर घरी ब्लाउज शिवते, संध्याकाळी मशीन झाकते आणि भाकऱ्यांना बसते. मनालीने काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. आईने थापल्या, शेकल्या, बाबांना वाढल्या, मनालीला वाढल्या, बाबांना भाकरीसोबतचं कोरड्यास परत वाढलं, तवा उतरवला, ओटा पुसला. मग ताट घेतलं. भाकरी मोडली आणि अर्धी परत टोपल्यात ठेवली.

“का गं?” मनाली म्हणाली.

“राहू दे. आता भूकच मेली.”

हे वाक्य मनालीने आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल! रोज. पण आज तिचे कान उभे राहिले. “मेली म्हणजे? आधी होती?”

“होती की. पहिली भाकरी तव्यावर पडते ना, तेव्हा अगदी खवळते. मग थापता थापता जाते.”

“न जेवताच?”

“जाते बाई. रोज जाते. तुला काय झालंय आज?”

मनालीने उष्ट्या हाताने फोन उचलला. “ताई! भूक न जेवताच मरते का?”

“मरते!” ताई जेवत असावी, तोंडात घास होता. “जेवायच्या वेळेला घ्रेलिन चढतं, आणि जेवलं नाही तरी काही वेळाने आपलं आपण उतरतं. दिवसभर उपाशी ठेवलेल्या माणसांचं रक्त तपासून बघितलंय लोकांनी, त्यात असंच दिसलं. लाट येते, जाते. पण तुला कुणी सांगितलं हे?”

“आईने!”

मग तिसरी फेरी. आणि या वेळी प्रश्न असा होता की एकाही दारात कुणी ‘नाही’ म्हणालं नाही: मावशी, तुमची भूक कधी मरते?

कारण मेलेल्या भुकेला वाढणार कोण? त्यात कसला संकोच! त्यात कुणाला कमीपणा नाही, कुणावर वाढायची जबाबदारी नाही. बायका मोकळ्या सुटल्या.

“माझी तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजताच मरती बघ,” भागुमावशी म्हणाली. “त्याच्या आधी? आधी असं वाटतं कच्ची कणीक खावी!”

“ते किती, मावशी? शून्य ते दहा?”

“दहाच्या वर काय नाय का तुझ्याकडं?”

विहारात धोंडाआजी भेटल्या. त्या दर पौर्णिमेला अष्टशील घेतात, दुपारनंतर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. मनालीचा प्रश्न ऐकून त्या बोळक्या तोंडाने हसल्या. “पौर्णिमेला संध्याकाळी पोट येतं आणि दार वाजवतं. मी उघडत नाय. थोडा येळ वाजवतं, मग जातं निघून आपल्या वाटंनं. लय सोपं हाय. तुमच्या त्या पुण्याच्या उंदरांना जमतंय का?”

मनालीने मोठ्या पांढऱ्या कागदावर आलेख काढला. खुणा करायला आईच्या शिवणाच्या डब्यातली टिकल्यांची पाकिटं घेतली. भूक सगळ्यात जास्त जिथे, तिथे लाल टिकली. ताट समोर आलं जिथे, तिथे हिरवी. पुरुषांच्या रेषेवर लाल आणि हिरवी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बायकांच्या रेषेवर लाल कुठे, हिरवी कुठे! मधे नुसता उतार. आणि खाली जाड अक्षरात लिहिलं: ‘आम्ही घ्रेलिन मोजलेले नाही. भूक विचारली आहे.’

सायली मॅडमनी आधी रुद्रचं बघितलं. चाळीत ओला फडका ठेवला, पंखा फिरला, दिवा पीं पीं. सुंदरच होतं ते, मनालीलाही आवडलं, आणि हीच पंचाईत होती. मग तिची पाळी. ती बोलली, आणि बोलली म्हणजे काय, विचारू नका. उंदरांपासून भागुमावशीपर्यंत सगळं. शेवटी मॅडम आलेखाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“छान. पण या सगळ्याजणींची भूक जेवणाआधीच मरते. मग जी बाई भूक लागल्याबरोबर जेवते, तिची रेष कुठाय?”

“तशी... तशी मिळाली नाही, मॅडम.”

“मग तुलना कशाशी? कदाचित बायकांची भूक अशीच असेल. तुला कसं कळणार की ते ताटाच्या वेळेमुळे आहे?”

तिकडे तेजलने कपाळावर हात मारून घेतला.

“तुम्ही, मॅडम?” मनालीने आशेने विचारलं. “तुम्ही वेळेवर जेवता?”

मॅडमनी टेबलावरच्या स्वतःच्या डब्याकडे बघितलं. शाळा सुटायला आली होती आणि डबा तसाच बांधलेला होता. “माझं सोड,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यापर्यंत एक तरी रेष आण. नाही मिळाली तर रुद्रचा जाईल.”

घरी येऊन मनालीने दप्तर टाकलं आणि जाहीर केलं, “आई, उद्यापासून तू आधी जेवायचं.”

“बरं,” आई दोरा ओवत म्हणाली. “आणि भाकऱ्या कोण थापणार? तुझा उंदीर?”

“आई, खरंच सांगतेय. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती तुझी. नाहीतर माझा प्रकल्प जात नाही.”

“अगं, असं कसं बसू मी ताटावर? घरातली माणसं उपाशी आणि मी...”

“मी थापतो,” बाबा म्हणाले.

दोघी वळल्या. बाबा दारात उभे होते. त्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी होती, संध्याकाळी ते घरीच असायचे.

“तुम्ही?” आईच्या हातातून सुई पडली.

“लोखंडाला आकार देतो,” बाबा म्हणाले. “पिठाला नाही का देता येणार?”

नाही आला. पहिल्या दिवशी तव्यावर जे पडलं ते भाकरी नव्हतं, त्र्यंबकच्या डोंगराचा उठावाचा नकाशा होता. तेजल बघायला आली होती, ती हसून हसून भिंतीला टेकली. आई ताटापुढे बसली खरी, पण दर क्षणाला निम्मी उठायची. “अहो, पाणी लावा कडेला. अहो, आच कमी करा. सरा बाजूला, मीच...”

“आई! प्रयोगातला उंदीर उठत नसतो!”

“जीभ बघा कारटीची!” पण बसली.

“आता सांग. किती?”

“फार नाही गं,” आई सवयीने म्हणाली.

“आकडा.”

आईने ताटाकडे बघितलं. तव्यावरून खरपूस वास उठला होता. तिने जणू आत कुठेतरी कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाली, “सात.” आणि लगेच, “आठ झाली बघ. अहो, उलटा ना लवकर, करपेल!”

बाबांनी उलटली. एक कड करपलीच. ती भाकरी आईच्या ताटात पडली, वाफाळती, वेडीवाकडी. तिने घास मोडला, फुंकर घातली, खाल्ला.

“असं बघू नका रे तोंडाकडे,” आई म्हणाली. दुसरा घास घेतला. तिसरा. टोपल्यात काहीच परत गेलं नाही. मग ती नवल वाटल्यासारखी म्हणाली, “अगं, खरंच भूक लागली होती की मला.”

बाबांनी पुढची भाकरी थापायला घेतली. जोरात थापत होते, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात, आणि त्यांची पाठ त्या तिघींकडे होती.

आठवडाभर हे चाललं. बाबांच्या भाकऱ्या डोंगरावरून टेकडीवर आल्या. आईची लाल टिकली आणि हिरवी टिकली रोज शेजारी शेजारी बसल्या. लाट वर चढायची आणि ताट भेटलं की झपकन खाली यायची, पुरुषांच्या रेषेसारखीच. मधला तो लांबलचक उतार गायब.

मॅडमनी नवी रेष बोटाने ओढून बघितली. “एकाच बाईची आहे ही.”

“हो मॅडम. खाली लिहिलंय. मोठ्या अक्षरात.”

मॅडमनी वाकून ते वाचलं. परत रेष बघितली. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि प्रदर्शनाच्या कागदावर मनालीचं नाव लिहिलं, खाली तेजलचं. मनालीने जी किंकाळी फोडली ती बहुधा पंचवटीपर्यंत गेली असणार, आणि गोदावरीवरची कबुतरं उडाली असणार.

रुद्र आपली चाळ उचलत म्हणाला, “म्हणजे कांदा हरला भाकरीपुढे.” चिडला होता, दिसत होतं. पण दारापाशी थांबून त्याने विचारलं, “माझ्या आईला विचारू का गं? कधी मरते ते?”

“विचार,” मनाली म्हणाली. “पण लागलीय का असं नको विचारूस. फुकट पोहे खावे लागतील.”

प्रदर्शन पंचवटीतल्या एका शाळेत होतं. हॉलभर ज्वालामुखी, पाणचक्क्या, एक आपोआप दार उघडणारा कचऱ्याचा डबा. बाबांची पाळी होती, ते येऊ शकले नाहीत. आई मात्र ठेवणीतली साडी नेसून बसने आली, सोबत भागुमावशी. भागुमावशीने आलेखावर स्वतःची रेष शोधून काढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली, “ही मी. दहाच्या वर हाय मी, पण यांनी कागद पुरला नाय म्हणून दहावर थांबवलं.”

दुपारी मनाली दोन परीक्षकांना उंदरांचं समजावत होती, हातवारे करून, तेजल मधे मधे तिची ओढणी ओढत होती, “हळू बोल, शेजारचा ज्वालामुखी थांबलाय.” तेवढ्यात दुसऱ्या शाळेच्या एक शिक्षिका आलेखासमोर येऊन थांबल्या. पन्नाशीच्या असतील, खांद्याला जड पर्स, हातात आपल्या मुलांची सर्टिफिकिटं.

“ही एकटीच रेष वेगळी कशी?” त्यांनी विचारलं.

मनाली वळेपर्यंत आई बोलून गेली होती. “ती माझी.”

“तुमची?”

“मी आठवडाभर आधी जेवले.” आई लाजली, पण मागे सरली नाही. “यांनी भाकऱ्या केल्या.”

“रोज करतात?”

“रोज कसलं! दुसरी पाळी लागली की परत आपलं तेच. पण मग मी काय करते, पहिली भाकरी उतरली की तिथेच ओट्यापाशी अर्धी खाऊन घेते. कळलंय ना आता, ती कधी येते ते.”

शिक्षिकांनी बायकांच्या त्या लांब उताराकडे बघितलं. मग त्यांनी पर्स खाली ठेवली. “माझी खूण करता येईल का हो यात?”

आता मात्र मनालीला बोलायचंच होतं, तिने श्वासही भरून घेतला होता. पण आईने तिच्या हातातून टिकल्यांचं पाकीट काढून घेतलं, एक लाल टिकली नखावर धरली आणि शिक्षिकांच्या अगदी जवळ सरकली.

“सांगा बघू,” आई म्हणाली, “तुमची भूक कधी मरते? आणि खरं सांगा हं, ताई. मी काही वाढणार नाहीये तुम्हाला.”